बटाट्यातला लाल

२८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, शाळाशाळांच्या भिंतींवर शास्त्रज्ञांची चित्रं लागतात. अलीकडे त्यांत जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी हमखास असतात, याचा मनापासून आनंद आहे. पण चित्र बहुतेक ठिकाणी एकच असतं: पांढरी साडी, मानेवर अंबाडा, डोळ्यांच्या उंचीवर धरलेला काचेचा चंबू, चंबूत निळं पाणी आणि मागे डीएनएची वळणदार शिडी. खालचं नाव हाताने झाकलं तर ही बाई कोण हे कुणालाही सांगता येणार नाही. नाव बदललं तर दुसरी कोणतीही शास्त्रज्ञ तिथे चालून जाईल. मला त्यातलं ते निळं पाणी फार खटकतं. कमलाबाई आयुष्यभर ज्यात बुडालेल्या होत्या त्या वस्तू म्हणजे दूध, डाळी, वाल, बटाटा, नीरा. सगळ्या पांढरट, पिवळट, नाहीतर तपकिरी. डीएनएशी त्यांच्या कामाचा संबंध नव्हता. आणि ज्या एका रंगाने त्यांना केंब्रिजची डॉक्टरेट मिळवून दिली तो रंग लाल होता. तोही अशा जागी सापडलेला, की तिथे लाल शोधायला कुणी जाणार नाही. बटाट्यात.

हा लाल नीट समजून घेतल्याशिवाय कमलाबाईंचं चित्र सुरूच करता येणार नाही, असं माझं मत आहे. सायटोक्रोम नावाची प्रथिनं असतात. त्यांच्या पोटात लोहाचा एक अणू असतो आणि पेशीच्या श्वसनात तो इलेक्ट्रॉन घेतो, पुढे देतो. घेतला की लोह फेरस होतं, दिला की फेरिक. केंब्रिजमध्येच डेव्हिड केलिन यांनी १९२५ साली कीटकांच्या स्नायूंत आणि यीस्टमध्ये ही रंगद्रव्यं दाखवून दिली होती, तीही स्पेक्ट्रोस्कोपमधून बघून. पदार्थामागे प्रखर दिवा ठेवायचा, आरपार आलेला प्रकाश लोलकाने पसरवायचा आणि त्या सप्तरंगी पट्टीत कुठे काळोखी पडते ते बघायचं. सायटोक्रोम सी फेरस अवस्थेत असेल तर हिरव्या भागात दोन गडद रेघा उमटतात, एक ५५० नॅनोमीटरला आणि दुसरी ५२० च्या आसपास. हिरवा गिळला गेला म्हणून उरलेला प्रकाश डोळ्याला गुलाबीसर लाल दिसतो. कमलाबाई, लग्नाआधीच्या कमला भागवत, पुढे केंब्रिजच्याच न्यूनहॅम कॉलेजात होत्या. रॉबिन हिल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी बटाट्याच्या पेशींत हे सायटोक्रोम सी दाखवलं आणि वनस्पतीच्या श्वसनातही त्याचा वाटा आहे असं मांडलं. चौदा महिन्यांचं काम, ४० पानांचा प्रबंध, साल १९३९. बटाट्याचं पिठूळ पांढरेपण आणि त्याच्या आत दडलेला हा लाल. चित्रकाराला याहून जास्त काय हवं?

प्रतीकात्मक व्यक्तिचित्र म्हटलं की मंडळी लगेच वस्तू गोळा करायला लागतात. पुस्तक, दिवा, ग्लोब, मायक्रोस्कोप, उगवता सूर्य. वस्तू वाढल्या की चित्राचं दुकान होतं आणि माणूस मागे जातो. प्रतीक त्या माणसाच्या कामाच्या टेबलावरूनच उचललेलं असावं, आणि शक्यतो एकच असावं. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत मॅगी हॅम्ब्लिंग यांनी १९८५ मध्ये रंगवलेलं रसायनशास्त्रज्ञ डोरोथी हॉजकिन यांचं चित्र आहे. कागदांनी भरलेलं टेबल, रेणूची प्रतिकृती, आणि वृद्ध डोरोथीबाईंना चक्क चार हात. संधिवाताने वाकडी झालेली बोटं एकाच वेळी लिहिताहेत, भिंग धरताहेत, कागद चाळताहेत. तिथे विजेचा लखलखाट किंवा डोक्यामागचं तेजोवलय कशाचीच गरज पडलेली नाही. बाई कामात आहे, एवढंच, आणि ते चार हात एकदा पाहिले की विसरता येत नाहीत.

याच्या उलट बाजूला जाक-लुई दाविद यांचं १७८८ चं रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए आणि त्यांच्या पत्नी मारी-ॲन यांचं मोठं चित्र ठेवून बघावं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०२१ साली त्याच्या आतल्या थरांची तपासणी जाहीर केली. त्यात कळलं की दाविदने आधी मारी-ॲन यांना फुला-फितींनी सजवलेली भलीमोठी हॅट दिली होती आणि टेबलावरची विज्ञानाची उपकरणं मुळात नव्हतीच, ती नंतर आली. म्हणजे आधी श्रीमंत जोडपं रंगवलं गेलं आणि मग त्याचं शास्त्रज्ञ जोडपं झालं. त्यातही उपकरणं नवऱ्याच्या बाजूला मांडली आहेत. बाईंच्या मागे खुर्चीवर चित्रांचं बाड तेवढं आहे. त्या स्वतः दाविदकडे चित्रकला शिकलेल्या होत्या आणि नवऱ्याच्या रसायनशास्त्राच्या ग्रंथातल्या उपकरणांच्या आकृत्या त्यांनीच काढल्या होत्या, ही गोष्ट ठाऊक असेल तरच त्या बाडाकडे नजर जाते. स्त्री शास्त्रज्ञाचं चित्र काढताना उपकरण कुणाच्या हातात आहे, हे पहिल्या रेघेपासून ठरवावं लागतं ते यासाठी.

कमलाबाईंच्या बाबतीत मोहात पाडणारी दोन प्रतीकं आहेत आणि ती दोन्ही मी बाजूला ठेवीन.

पहिलं म्हणजे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचं बंद दार आणि दारात तिचे संचालक सी. व्ही. रमण. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी वरच्या क्रमांकाने मिळवून आलेल्या मुलीला रमण यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला. ती त्यांच्या कचेरीत जाऊन सत्याग्रहाला बसली, मग अटी घालून वर्षभर घेतलं गेलं. वडील नारायणराव आणि काका माधवराव त्याच संस्थेत शिकलेले, त्यामुळे तो नकार किती लागला असेल याची कल्पना करता येते. प्रसंग खरा आहे आणि तो सांगितलाच पाहिजे. पण चित्रात दार आणि रमण आले की चित्र रमण यांचं होतं. बघणाऱ्याची नजर ओळखीच्या फेट्यावर जाऊन थांबते आणि कमलाबाई त्या फेट्यासमोर उभी राहिलेली मुलगी तेवढी उरतात. जशा आपल्याकडे त्या कायम ‘दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण’ होऊन येतात. चित्रात तरी त्यांना कुणाच्या आधाराने उभं करू नये.

दुसरं प्रतीक म्हणजे पदवीदानाचा झगा आणि चौकोनी टोपी. हे दिसायला निरुपद्रवी आहे, पण चुकीचं आहे. केंब्रिजने स्त्रियांना विद्यापीठाचं पूर्ण सभासदत्व आणि पूर्ण पदवी दिली ती १९४८ पासून. त्याआधी त्यांना मिळायची ती पदवी नावापुरती. १९३९ मधल्या कमला भागवतांना त्या झग्यात रंगवणं म्हणजे विद्यापीठाने न दिलेला मान आपण मागाहून विद्यापीठाच्या नावावर जमा करणं. तसंच ‘पहिली’ या पाटीचं. जानकी अम्मल यांनी मिशिगन विद्यापीठातून १९३१ सालीच डॉक्टरेट घेतली होती, तेव्हा विज्ञानात डॉक्टरेट घेणारी पहिली भारतीय स्त्री अशी सरसकट पाटी चित्राखाली लावू नये. कमलाबाईंचं काम त्या पाटीवाचून उणं पडत नाही.

मग उरतो बटाटा. तो हातात कसा द्यायचा यावर थोडा विचार करावा लागतो. अख्खा बटाटा हातात दिला तर भाजी आणायला निघालेली बाई दिसते. अर्धा कापलेला, कापलेली बाजू बघणाऱ्याकडे, आणि तो डाव्या हातात छातीच्या खाली, असा ठेवला की नजर आधी चेहऱ्यावर जाते आणि मग सावकाश त्या फिकट वर्तुळावर उतरते. साधारण २४ बाय ३० इंचांचा उभा कॅनव्हास घेतला तर चेहरा साडेपाच-सहा इंचांचा आणि बटाट्याची कापलेली बाजू दोन-सव्वादोन इंचांची असावी. त्याहून मोठी झाली की ती चेहऱ्याशी भांडते. रंगाला हात लावण्याआधी पत्त्याच्या आकाराची पाच-सहा काळीपांढरी टिपणं काढून फक्त उजेड-अंधार बघावेत. या चित्रात फिकट जागा दोनच हव्यात, चेहरा आणि बटाटा. साडी, भिंत, टेबल हे सगळं मधल्या छटांत. साडी पांढरी केली की हा हिशोब तिथेच बिघडतो, कारण कॅनव्हासवरचा सगळ्यात मोठा उजेड कापडाला मिळतो.

स्पेक्ट्रोस्कोपातल्या त्या दोन रेघा कुठे आणायच्या? मागच्या भिंतीवर इंद्रधनुष्य काढणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात भडक. माझ्या मनात आहे तो साडीचा काठ. आपल्याकडच्या हिरव्या काठांत गडद रेघा असतातच, त्यामुळे कुणाला काही वावगं वाटणार नाही आणि जाणकाराला मात्र तो काठ वाचता येईल. यात माप नेमकं ठेवावं. खांद्यावरून खाली येणारा काठ चित्रात ३५ मिलिमीटर रुंद धरला आणि एका मिलिमीटरला दोन नॅनोमीटर असं प्रमाण घेतलं, तर काठाच्या रुंदीत ५०० ते ५७० नॅनोमीटर बरोबर बसतात. निळसर कडेपासून १० मिलिमीटरवर ५२० ची रेघ, २५ मिलिमीटरवर ५५० ची, आणि त्यापुढे १० मिलिमीटर पिवळसर हिरवा. निऱ्यांत किंवा वळणावर काठ आक्रसला तरी दोन-तीन-दोन हे प्रमाण हलू द्यायचं नाही. आता यात नेहमी होणारी चूक अशी की सुबकपणाच्या सवयीने दोन्ही रेघा सारख्या जाडीच्या ओढल्या जातात. त्या तशा नाहीत. ५५० ची रेघ बारीक, कडक आणि गडद असते. ५२० ची रुंद, फिकी आणि कडांना पुसट. दोन्ही सारख्या केल्या आणि जराशा पिवळ्याकडे सरकल्या की तो काठ रक्तातल्या हिमोग्लोबिनचा होतो, कारण ऑक्सिजन घेतलेल्या हिमोग्लोबिनच्या दोन रेघा ५४१ आणि ५७७ वर पडतात. आणि एकच पसरट डाग ठेवला तर ते सायटोक्रोमचंच फेरिक रूप, ज्यात या दोन रेघा विरून जातात.

काठाचे रंग असे जमतात: निळसर कडेला व्हिरिडियन हा निळसर हिरवा आणि किंचित पांढरा, मध्ये व्हिरिडियनमध्ये लेमन यलो वाढवत न्यायचा, पिवळसर कडेला लेमन यलोच जास्त. रेघांसाठी ट्यूबमधला काळा वापरू नये, तो हिरव्यावर भोक पाडल्यासारखा बसतो. व्हिरिडियनमध्ये क्विनॅक्रिडोनचा गडद लाल मिसळला की दोघं एकमेकांना मारतात आणि एक खोल, जिवंत काळोख तयार होतो. जुने लोक इथे अलिझरीन क्रिमझन घ्यायचे, पण अस्सल अलिझरीन उजेडात उडतो, विशेषतः पातळ थरात. म्हणजे हिरवा गिळणारी रेघ हिरव्या-लालच्या मिश्रणातून येते, आणि तो लाल चित्रात दुसरीकडे बटाट्याखाली असतोच.

बटाट्याखाली म्हणजे खरोखरच खाली.

तेलरंगात रंगाच्या खालून रंग आणता येतो, आणि या चित्राचा सगळा जीव तिथे आहे. कॅनव्हासला जेसोचे, म्हणजे पांढऱ्या अस्तराचे, तीन हात द्यावेत. दर हातानंतर पूर्ण वाळवून २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासावं, नाहीतर कापडाचा पोत चेहऱ्यावर चाळणीसारखा उठतो. मग बर्न्ट सिएना हा तांबूस मातीचा रंग टर्पेंटाइनमध्ये सरबतासारखा पातळ करून अख्ख्या कॅनव्हासवर फिरवून फडक्याने पुसून घ्यायचा. तो वाळला की रेखाटन, आणि रेखाटनावर रॉ अंबर या तपकिरी रंगात छायाप्रकाशाचा थर, तोही पातळच. बटाट्याच्या जागी मात्र अंबर चढवायचा नाही. तिथे बर्न्ट सिएनात क्विनॅक्रिडोन मिसळून भर घालायची, आणि ते वर्तुळ काही दिवस तसंच लालबुंद ठेवायचं. बघायला येणारे विचारतात, हे काय, बीट आहे का. ते पुरतं वाळल्यावर त्यावरून बटाट्याचा पांढरा. टिटॅनियम व्हाइट, चिमूटभर यलो ऑकर, सावलीच्या बाजूला रॉ अंबरचा स्पर्श. हा थर ब्रश जवळजवळ कोरडा ठेवून, घासत, विरळ लावायचा. टिटॅनियम फार झाकणारा रंग आहे, दाट लागला की खालचा लाल कायमचा गेला. दुसरं म्हणजे गडदावर फिकट विरळ थर दिला की तो थंड, धुरकट दिसायला लागतो. अजून मढवायला जाऊ नये, त्यात ऑकरचा दाणा वाढवावा. म्हणजे तो मोत्यासारखा उबदार होतो आणि कडेला कुठेकुठे आतली लाली जाणवते. तेलाचा थर वर्षांनुवर्षं हळूहळू जास्त पारदर्शक होत जातो. पन्नास वर्षांनी हा बटाटा आजच्यापेक्षा जरा जास्त लाल दिसेल, आणि ते मला अगदी हवं आहे.

मॉडेल म्हणून समोर ठेवलेला बटाटा मात्र बसू देत नाही. चिरला की पाच-दहा मिनिटांत त्याच्यावर गुलाबी झाक येते, मग तपकिरी, आणि तसाच राहिला तर करडा-काळा. घरोघरी चिरलेले बटाटे पाण्यात टाकतात ते याचसाठी. पेशी कापल्या गेल्या की आतली फिनॉल वर्गातली द्रव्यं, विकरं (एन्झाइम) आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र येतात आणि शेवटी मेलानिन हे काळपट रंगद्रव्य तयार होतं. कमलाबाईंनी केंब्रिजमध्ये हिल यांच्याकडे जाण्याआधी डेरेक रिश्टर यांच्याबरोबर काम केलं ते प्राण्यांमधल्या याच जातीच्या विकरांवर. १९३८ मध्ये तो निबंध छापून आला. त्यामुळे बटाट्याचं ते काळवंडणं चित्रातून पुसून टाकायचं कारण नाही. वर्तुळाचा वरचा भाग ताजा, ओला, सुरीवरच्या दुधट पाण्यासारखी चकाकी असलेला, आणि खालच्या कडेला नुकती सुरू झालेली गुलाबी-तपकिरी झाक. रंगवताना दर दहा मिनिटांनी वरून पातळ चकती कापून टाकायची. कापलेल्या चकत्या ओळीने ताटात मांडून ठेवल्या की काळवंडण्याच्या सगळ्या पायऱ्या एकाच वेळी समोर असतात, आणि हवी ती छटा उचलता येते.

इथे एक गोष्ट मला वारंवार थक्क करते. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही. ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं, त्याचे रेणू एकमेकांना बांधले जातात आणि थर घट्ट होतो. वाळताना त्याचं वजन वाढतं. रॉ अंबर इतर रंगांपेक्षा लवकर का वाळतो, तर त्यात मँगनीज असतं आणि ते एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जात-येत ऑक्सिजनच्या या कामाला वेग देतं. रंग लवकर वाळावा म्हणून घालतात त्या ड्रायरमधलं कोबाल्टही तेच करतं. सायटोक्रोममधलं लोह पेशीत जे करतं त्याच जातीचं हे काम आहे: धातूचा अणू, अवस्था बदलणं, शेवटी ऑक्सिजन. पेशी श्वास कसा घेते हे शोधणाऱ्या बाईचं चित्र ज्या माध्यमात काढायचं ते माध्यमही ऑक्सिजन घेऊनच पक्कं होतं. जलरंगात किंवा ॲक्रिलिकमध्ये हे चित्र काढता येईल, पण मग ही गोष्ट हातची जाईल. रंगांचंही तसंच. यलो ऑकर, बर्न्ट सिएना, आपला गेरू, सगळे लोहाचे ऑक्साइड. कमलाबाईंचा चेहरा आणि हात फक्त या लोहमातीच्या रंगांत, पांढरा आणि किंचित अल्ट्रामरीन घेऊन पूर्ण रंगवता येतात. कॅडमियमच्या भडक रंगांची गरज नाही.

चेहऱ्यासाठी हाताशी असतात ती जुनी कृष्णधवल छायाचित्रं, आणि त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवण्यात मोठा धोका आहे. त्या काळात सर्रास वापरात असलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल दिसत नसे. त्यामुळे कुंकू काळं, ओठ गडद, लाल काठ काळाकुट्ट, आणि निळी साडी जवळजवळ पांढरी उमटते. गव्हाळ त्वचेत लाल-पिवळ्याचा वाटा मोठा, म्हणून चेहरेही प्रत्यक्षापेक्षा सावळे आणि खरबरीत येतात. आता यातून दोन उलटसुलट चुका होतात. कुणी छायाचित्रातल्या करड्या छटा जशाच्या तशा रंगात उतरवतं आणि चेहरा शिशासारखा होतो. कुणी तो ‘सुधारायला’ जाऊन गुलाबी गोरा करून ठेवतं. दोन्ही टाळायचं असेल तर छायाचित्रातून फक्त हाडांची ठेवण, डोळ्यांतलं अंतर, जबड्याची रेघ घ्यावी आणि उजेड आपल्या मनाचा द्यावा. समोर त्याच वयाची, साधारण तशाच चेहरेपट्टीची कुणी बसवून छटा तिच्यावरून उचलाव्यात. कपाळाला ऑकर, गालाला सिएना, हनुवटीखाली आणि मानेवर अंबर-अल्ट्रामरीनची हिरवट सावली.

उजेड कुठून यावा यालाही त्यांच्या आयुष्यात आधार सापडतो. बंगळुरूला घातलेल्या अटींत मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करावं लागेल ही अट होती. केंब्रिजच्या प्रयोगशाळेत जागा शिल्लक नव्हती तेव्हा रिश्टर यांनी दिवसा आपलं टेबल त्यांना दिलं आणि स्वतः रात्री काम केलं, असं सांगितलं जातं. मी या चित्राला दिवसाचा उजेड देईन, डावीकडून, उत्तरेच्या खिडकीतून येतो तसा थंड आणि स्थिर. आणि बटाट्यामागून दुसरा, छोटा, उबदार दिवा. स्पेक्ट्रोस्कोपमध्ये बघायचं तर पदार्थाच्या मागे दिवा लागतोच. त्याने बटाटा धरलेल्या बोटांच्या कडा लालसर उजळतात, जशा टॉर्चवर हात धरला की उजळतात. हा दिवा फार प्रखर केला तर सगळं चित्र नाटकी होतं. बोटांच्या कडांपुरता तो ठेवावा.

चित्र पुढच्या वयाचं काढायचं असेल तर मात्र बटाटा सोडून द्यावा. लग्नानंतर मुंबईला येऊन कमलाबाईंनी रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्र उभं केलं, पुढे त्या संस्थेच्या संचालक झाल्या. तिथलं काम आपल्या ताटातलं आहे. वालात ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारं प्रथिन असतं. त्यावर त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९५० च्या दशकात बारकाईने काम केलं. शिजवल्यावर हा अडसर बराच मोडतो. आपल्या बायका वालाला मोड आणून, सोलून, नीट शिजवून बिरडं करतात, त्यात केवढं शहाणपण आहे ते इथे प्रयोगशाळेच्या बाजूने कळतं. चित्रात ओंजळभर मोड आलेले वाल फार सुंदर दिसतात. दाण्याच्या कडेची ती उठावदार पांढरी रेघ शेवटी, बारीक ब्रशच्या टोकाने, दाट रंगात ठेवायची. ती चुकली की दाणा वालाचा वाटत नाही, आणि मराठी बघणाऱ्याच्या ते लगेच लक्षात येईल. नीरेचं काम आणखी निराळं. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या सूचनेवरून ते हाती घेतलं गेलं आणि त्याला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. गरीब मुलं, गरोदर बायका यांच्या पोटात काय जाऊ शकेल, हा त्यामागचा प्रश्न होता. पण नीरा रंगवायची कशी? ती पाण्यासारखीच दिसते. तिथे मडकं तिरपं करून आतून दिलेला चुन्याचा हात दाखवावा. चुन्यामुळे नीरा आंबत नाही, तिची ताडी होत नाही. चुना न दाखवता काढलेलं मडकं ताडीचं समजलं जाईल आणि सगळ्या कामाचा अर्थ उलटा होईल.

या तिन्ही गोष्टी एकाच चित्रात कोंबण्याचा मोह होतोच. मला वाटतं, तीन वयांची तीन चित्रं काढावीत. १९३९ मधली अठ्ठावीस वर्षांची मुलगी आणि मुंबईतल्या संचालकबाई यांचे हातसुद्धा वेगळे असणार.

आता वाळवणीबद्दल, कारण आपल्याकडे चित्रं तिथेच बिघडतात. खालचे थर कमी तेलाचे, वरचे जास्त तेलाचे, हा नियम मोडला की वरचा थर आधी वाळतो, खालचा नंतर आकसतो आणि तडे जातात. आयव्हरी ब्लॅक फार सावकाश वाळतो, तो खालच्या थरात घालू नये. पटकन वाळावं म्हणून कोबाल्ट ड्रायर ओतला की वर साय धरते, आत ओलं राहतं आणि कातडीला सुरकुत्या पडतात. बटाट्याच्या पांढऱ्यात जवसाचं तेल घातलं तर तो पिवळा पडत जातो. तिथे चित्रकारांसाठी मिळणारं करडईचं तेल वापरावं, तेही फक्त वरच्या थरात, कारण त्याचा थर जवसाइतका चिवट होत नाही. स्वयंपाकघरातलं करडईचं तेल मात्र चालणार नाही, ते महिनोन्‌महिने चिकट राहतं. झिंक व्हाइटचा मोहही टाळावा, तो तेलात ठिसूळ होतो आणि थर सुटायला लागतो. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात कॅनव्हास ढिला पडतो, मागे बुरशी धरते आणि तीन दिवसांत वाळणारा थर आठवडा घेतो. म्हणून लाल वर्तुळाचं काम पावसाआधी उरकावं, किंवा सरळ दिवाळीनंतर सुरू करावं. वाळताना चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवू नये. अंधारात जवसाचं तेल जास्त पिवळं पडतं आणि हवाही खेळत नाही. व्हार्निशला किमान सहा महिने थांबावं, दाट थर असतील तर वर्ष. आणि ते कोरड्या हवेत लावावं, दमट दिवशी लावलं की वर दुधट झाक धरते.

कॅनव्हासच्या मागे, लाकडी चौकटीवर, वापरलेल्या रंगांची आणि तेलांची नावं पेन्सिलने लिहून ठेवावीत. पुढे कधी दुरुस्ती करणाऱ्याला ती लागतात. बटाट्याखाली लाल आहे हेही लिहावं, नाहीतर तो वर यायला लागला की डाग समजून कुणी झाकून टाकेल. आणि बटाटा हातात असलेल्या चित्रावर नाव कमला भागवत असं घालावं. सोहोनी हे आडनाव १९४७ नंतरचं. हिल यांच्यासोबतचं सायटोक्रोम ऑक्सिडेजवरचं काम १९५१ साली छापून आलं तेव्हासुद्धा त्यावर त्यांचं नाव भागवत असंच होतं.